ते ३१ टक्के बाबांचे नाहीत

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही अशोक चौकाजवळ राहतो. बाबा ६४ वर्षांचे, चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. दीड महिन्यापूर्वी पहाटे साडेचारला त्यांना छातीत जळजळ, दोन उलट्या आणि दरदरून घाम. पित्त समजून सोडा दिला. थोड्या वेळाने भावाने शेजारच्या काकांकडून सॉर्बिट्रेट आणून जिभेखाली ठेवली, आणि पाच मिनिटांत बाबा डोळे फिरवून पडले. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा बीपी वरचं ७०, नाडी ३८. तात्पुरता पेसमेकर टाकला, सलाइन लावलं आणि आठ वाजायच्या आत उजव्या धमनीत स्टेंट बसवला. तिसऱ्या दिवशी पेसमेकर काढला, सहाव्या दिवशी घरी आलो. कार्डावर ‘इन्फिरिअर वॉल एमआय विथ आरव्ही इन्फार्क्शन’ लिहिलंय. इकोत ईएफ ५०, टॅप्सी १४. मोबाइलवर शोधलं तर अशा अटॅकमध्ये ३१ टक्के दगावतात असं वाचलं. तेव्हापासून रात्री उठून बाबांचा श्वास बघते. मामा म्हणतात, उजव्या बाजूचा अटॅक हलका असतो. भाऊ कुणाशी नीट बोलत नाही, ‘माझ्या गोळीनेच झालं’ म्हणतो. आणि बाबा? ते म्हणतात, कोजागरीला नेहमीप्रमाणे तुळजापूरला चालत जाणार. नक्की काय समजायचं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर :

ताई, आधी तो आकडा बघू, कारण तुमची झोप त्याने उडवली आहे.

३१ टक्के हा आकडा खोटा नाही. १९९३ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक (कार्डावरचं ‘इन्फिरिअर वॉल एमआय’) आलेले २०० रुग्ण त्यांनी ओळीने घेतले. ज्यांच्या ईसीजीत हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडल्याची (कार्डावरचं ‘आरव्ही इन्फार्क्शन’) खूण होती त्यांच्यातले ३१ टक्के दवाखान्यातच दगावले. खूण नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होतं. मोठी गुंतागुंत पहिल्या गटात ६४ टक्क्यांना झाली, दुसऱ्यात २८ टक्क्यांना. म्हणजे तुमच्या मामांचं ‘हलका’ हे म्हणणं साफ चूक. खालच्या भिंतीच्या अटॅकला उजव्या कप्प्याची जोड मिळाली की पहिले काही दिवस जास्त धोक्याचे असतात, हे तेव्हापासून आम्हाला पाठ आहे.

पण तो आकडा कुणाचा, ते नीट वाचा. तो दवाखान्यातल्या मृत्यूंचा आहे. बाबा सहाव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी आले. त्या मोजणीतून ते दीड महिन्यापूर्वीच बाहेर पडलेत. शिवाय तो काळ वेगळा होता. बंद धमनी तारेने लगोलग उघडायची अँजिओप्लास्टी तेव्हा आजच्यासारखी सर्रास होत नव्हती.

धमनी उघडली तर काय फरक पडतो, हे १९९८ च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. रुग्ण फक्त ५३, पण सगळे उजव्या कप्प्याच्या अटॅकचे आणि सगळ्यांची अँजिओप्लास्टी केलेली. ज्यांची उजवी धमनी आणि तिच्या कप्प्याकडे जाणाऱ्या फांद्या नीट उघडल्या त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण २ टक्के. ज्यांच्या उघडल्या नाहीत त्यांच्यात ५८. इतक्या थोड्या रुग्णांवरून टक्केवारी जशीच्या तशी उचलू नये, हे मला मान्य आहे. पण २ आणि ५८ यांत जी दरी आहे ती नशिबाने पडत नाही. बाबांची धमनी साडेतीन तासांच्या आत उघडली. त्यांना शोधायचं असेल तर त्या दोनवाल्या गटाच्या आसपास शोधा.

आता पहाटे नेमकं काय झालं ते सांगतो. त्यातच तुमच्या भावाचाही प्रश्न आहे.

आपल्याकडे नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, त्यामुळे सोलापूरच्या माणसाला हौद आणि मोटार समजावून सांगावी लागत नाही. शरीरभर फिरून आलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तो हौद. उजवा कप्पा ही पहिली मोटार, ती रक्त फुप्फुसांत चढवते. तिथून ते डाव्या कप्प्याकडे येतं. ती दुसरी मोटार, मोठी, सगळ्या अंगाला पुरवठा करणारी. बीपी आपण मोजतो ते या दुसरीचं. पण पहिलीने वर चढवलंच नाही तर दुसरी ओढणार काय? बाबांच्या पहिल्या मोटारीचा विजेचा पुरवठा, म्हणजे उजवी धमनी, त्या पहाटे बंद पडली. अशी अर्धमेली मोटार एकाच गोष्टीवर तग धरते. हौद काठोकाठ भरलेला हवा. पातळी जरा खाली गेली की ती हवा ओढते.

सॉर्बिट्रेट शिरा सैल करते. रक्त पायांत आणि पोटात थांबतं, हौदाची पातळी उतरते. डाव्या बाजूच्या अटॅकमध्ये यामुळे हृदयाचा भार कमी होतो, म्हणून ती गोळी घरोघरी पोहोचली. उजवा कप्पा सापडलेल्या माणसात तीच गोळी बीपी कोसळवू शकते. तुम्हाला दवाखान्यात ‘हार्टच्या पेशंटला सलाइन कसं चालतं?’ असा प्रश्न पडला असेल. पातळी वर आणायला तेच लागतं. पण तेही हात राखून, सहसा अर्धा ते एक लिटर. जास्त ओतलं तर उजवा कप्पा फुगतो, मधला पडदा डावीकडे ढकलला जातो आणि धडधाकट असलेल्या दुसऱ्या मोटारीचीच जागा कमी होते. अशा वेळी सलाइन थांबवून डोब्युटामिनसारखं, हृदयाचा जोर वाढवणारं औषध सुरू करतात.

आता भावासाठी. हा परिच्छेद त्याला वाचून दाखवू नका, त्याच्या हातात द्या. गोळीने अटॅक आणला नाही. धमनीत गुठळी आधीच होती, घाम आणि उलट्या गोळीच्या आधीच्या आहेत. गोळीने बीपी आणखी खाली ढकललं असणं शक्य आहे. पण नाडी ३८ होती ती बहुतेक अटॅकमुळेच. हृदयाच्या ठोक्यांची तार जिथून जाते त्या गाठीला बहुतेक माणसांत हीच उजवी धमनी रक्त पुरवते, म्हणून ती बंद पडली की ठोके अडकतात. उजव्या कप्प्याचा अटॅक आलाय हे पहाटे पावणेपाचला घरात कुणालाच कळू शकत नाही. आम्हालाही बघून कळत नाही. ईसीजीची चौथी पट्टी छातीच्या डाव्या बाजूवरून काढून उजवीकडे त्याच जागी लावावी लागते. तिला आम्ही व्ही-फोर-आर म्हणतो. त्यात रेघ एक मिलिमीटर जरी वर उचलली तरी पुरावा मिळतो, आणि तो काही तासांत पुसलाही जातो. भावाने बाबांना आठच्या आत स्टेंटच्या टेबलावर पोहोचवलं. हिशेब मांडायचाच असेल तर जमेच्या बाजूला ही नोंद मोठी आहे.

पुढच्या वेळेसाठी (कुणाच्याही घरी) एवढं ठेवा. छातीत दाब, जळजळ, घाम असं काही असेल तर पहिला फोन १०८ ला. माणूस शुद्धीवर असेल, ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि कुठून रक्तस्राव होत नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. सॉर्बिट्रेट डॉक्टरांनी त्या माणसाला लिहून दिलेली असेल तरच, बसवून, आणि चक्कर किंवा गार घाम असेल तर नाही. शेजाऱ्याची तर नाहीच. आणखी एक अडचणीची गोष्ट, जी आपल्या घरांत कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही : लैंगिक ताकदीची गोळी घेतलेल्या माणसाला सॉर्बिट्रेट देणं जिवावर बेतू शकतं. त्यामुळे तपासताना डॉक्टर तो प्रश्न विचारतील, तेव्हा खोकून विषय बदलू नये.

मामांच्या ‘उजव्या’बद्दल एक खुलासा हवा. उजव्या कप्प्याचा अटॅक म्हणजे छातीत उजवीकडे दुखणं नव्हे. तो हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकसोबत येतो, अशा अटॅकपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यांपर्यंत तो कमीअधिक असतो. नुसता उजवाच, असं क्वचित. दुखणं पोटाच्या वरच्या भागात, जळजळ, मळमळ, म्हणून ‘पित्त’ हा शिक्का बसतो आणि सोड्याची बाटली उघडते. आमच्यासाठी त्याची ओळख तीन गोष्टींची : बीपी खाली, मानेतली शीर फुगलेली, आणि स्टेथोस्कोप लावला तर छाती साफ. डावी मोटार बंद पडली की फुप्फुसांत पाणी भरतं, माणूस झोपू शकत नाही, बसून धापा टाकतो. इथे माणूस उशीवर रेलून शांत पडलेला असतो, गळ्याची शीर कानाच्या पाळीपर्यंत दिसते, आणि मनगटावर नाडी लागत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी स्टेथोस्कोप बिघडलाय म्हणून दुसरा मागवला होता. या तीन खुणांच्या मागचा आजार अमेरिकेतल्या जे कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली नीट मांडला. त्याआधी बरीच वर्षं उजव्या कप्प्याला निव्वळ वाहतुकीची नळी समजत असत.

तुम्हाला खरं विचारायचं आहे ते पुढचं : हे हृदय आता सुधारणार का?

इथे उजव्या कप्प्याची बाजू चांगली आहे. त्याची भिंत पातळ, तीन-चार मिलिमीटरची. डाव्याची साधारण तिप्पट. डाव्याला १२० चा दाब तयार करावा लागतो, उजव्याला २५ च्या आसपास पुरतो. काम कमी म्हणून त्याची प्राणवायूची भूकही कमी. डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मुख्यतः ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं, कारण आकुंचन पावताना तो स्वतःच्याच नळ्या आवळतो. उजवा इतका जोर लावत नाही, त्यामुळे त्याला आकुंचनातही मिळतं आणि विश्रांतीतही. शिवाय डाव्या धमनीकडून आडवाटेने थोडी रसद येते. म्हणून उजव्या कप्प्याचा बराच भाग अटॅकमध्ये मरत नाही, बधिर होतो. पाय दाबून बसल्यावर मुंग्या येतात, उठवत नाही, पण पाय गेलेला नसतो, तसं. वेळेत धमनी उघडली तर काही तासांत त्याला जाग यायला लागते, आणि पुढचे काही आठवडे ते काही महिने सुधारणा चालू राहते.

म्हणून टॅप्सी १४ वाचून घाबरू नका. टॅप्सी म्हणजे उजव्या कप्प्याचं बूड प्रत्येक ठोक्याला किती मिलिमीटर खाली सरकतं ते माप. १७ च्या खाली गेलं की आम्ही कमी म्हणतो. १४ हे अटॅकच्या आठवड्यातलं माप आहे, तेव्हा तो बधिरच होता. इको पुन्हा करायची वेळ आता आलीच आहे, तीन महिने व्हायच्या आत करून घ्या. शक्यतो त्याच मशीनवर, त्याच डॉक्टरांकडून. नाहीतर १४ चे १८ खरंच झाले की हात बदलला म्हणून झाले, हा वाद मलाही सोडवता येणार नाही. रिपोर्ट घेताना फक्त ईएफ विचारून परत येऊ नका, तो आकडा डाव्या कप्प्याचा आहे : भरलेल्या रक्तातलं किती टक्के तो एका ठोक्याला बाहेर टाकतो ते. उजव्याबद्दल वेगळं विचारा, आणि उजवीकडची झडप किती गळते आहे तेही.

दवाखान्यातून घरी आलेल्यांचं पुढच्या वर्षांतलं भवितव्य मुख्यतः तीन गोष्टी ठरवतात : डावा कप्पा किती टिकला, बाकीच्या धमन्यांत काय आहे, आणि उजवा कप्पा सावरला की तसाच ढिला राहिला. महिन्यांनंतरही ज्यांचा उजवा कमजोर राहतो त्यांचं पुढचं चित्र तितकं चांगलं नसतं, हे लपवत नाही. पण बाबांचा डावा ५० वर आहे. बाकीच्या धमन्यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. अँजिओग्राफीचा कागद काढा आणि पुढच्या भेटीत तेवढाच एक प्रश्न नीट विचारा. पेसमेकर कायमचा लागेल का, ही भीती सोडून द्या. या अटॅकमधला ठोक्यांचा अडथळा बहुधा काही दिवसांत जातो, बाबांचा तिसऱ्या दिवशी गेला.

औषधांत रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या असतील. सहसा वर्षभर दोन्ही चालतात. दाढ काढायची म्हणून, किंवा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून, हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता त्यातली एकही बंद करायची नाही. नव्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं हे ठरलेलं कारण आहे, आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा वाईट असतो.

तंबाखू. तुम्ही लिहिलं नाहीत, पण कारखान्यात तीस-चाळीस वर्षं काढलेल्या जॉबरच्या खिशात चुन्याची डबी नव्हती असं मला कुणी सांगितलं तर मी आधी खिसा बघेन. असेल तर बंद. ‘ओढत नाही, फक्त चघळतो’ हा बचाव हृदयापुढे चालत नाही. वर मोजलेल्या सगळ्या टक्क्यांपेक्षा त्या डबीचं पुढे काय होतं यावर बाबांची पुढची दहा वर्षं जास्त अवलंबून आहेत.

खाण्याचं थोडक्यात. कडक भाकरी चालेल, शेंगाचटणीही चमचाभर चालेल. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ कमी करा. पाण्याबद्दल मात्र जरा थांबून वाचा. ‘हार्टचा पेशंट, पाणी कमी’ हे घरातलं कुणीतरी सांगणारच. फुप्फुसांत पाणी भरणाऱ्या रुग्णांसाठी ते ठीक. बाबांना डॉक्टरांनी तशी मर्यादा घालून दिली नसेल तर ४२ अंशांच्या सोलापुरात त्यांना तहानलेलं ठेवू नका, त्यांची पहिली मोटार भरलेल्या हौदावरच चालते. लघवीची गोळी चालू असेल आणि उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, किंवा जुलाब-उलट्या लागल्या असतील, तर त्याच दिवशी फोन करून गोळीचं विचारा. उलट पायांवर सूज, पोट जड, आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वर, ही उजवा कप्पा मागे पडत असल्याची खूण. एक वजनकाटा आणा. रोज सकाळी, चहाच्या आधी, कॅलेंडरवर आकडा लिहा. रात्री श्वास मोजण्यापेक्षा तो उपयोगी पडेल.

आणि तुळजापूर. सोलापुरातून निघून रात्रभर पंचेचाळीस किलोमीटर, पाण्याच्या एका बाटलीवर आणि चहाच्या टपऱ्यांवर, ही यंदाची गोष्ट नाही. पण ‘आता घरातच बसा’ हेही मी म्हणणार नाही. दीड महिन्याने सपाटीवर अर्धा तास, दम न लागता बोलत चालता येतं का बघा. येत असेल तर दर आठवड्याला पाच-सात मिनिटं वाढवा. सकाळी हुतात्मा बागेत, ऊन चढायच्या आत. पुढचा इको चांगला आला की ट्रेडमिलची तपासणी करायची का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर कोजागरीच्या संध्याकाळी बाबांना सोलापुरातल्याच रूपाभवानीच्या देवळापर्यंत चालत घेऊन जा. आईला तिथून नमस्कार, पुढे यंदा दुसऱ्या दिवशी एसटी. ते कुरकुर करतील. भावाला सोबत पाठवा, दोघांनाही चालताना बोलायला तेवढा रस्ता पुरेल. आणि बाबांच्या ईसीजीचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या.